चाकं आणि चाल – भाग ६ : उभ्या गाडीचं माप

गेल्या आठवड्यात आपण स्प्रिंगपाशी थांबलो होतो. नव्या स्प्रिंगने गाडी ३५ मिलिमीटर खाली आली की पुढची इच्छा लगेच जागी होते. कमानीत आता १५ इंची चाक खुजं वाटायला लागतं आणि १७ची मॅगव्हील डोळ्यांसमोर येतात. ही इच्छा मला मनापासून पटते. बॉडी खाली, चाक कमानीत नीट भरलेलं, अशी छोटी हॅचबॅक फार देखणी दिसते. अडचण अशी की स्प्रिंग एका गॅरेजात बदलल्या जातात आणि चाकं दुसऱ्या दुकानात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत. दोन्ही कामं जागा मात्र एकच खातात, कमानीखालची. त्या जागेचा हिशेब एकदाच आणि एकत्र मांडावा लागतो. तो कसा मांडायचा, एवढंच आज बघू.

उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेऊ. तिच्या वरच्या मॉडेलला कंपनीचा टायर आहे १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो, टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे भिंत १२० मिलिमीटर, आणि वरची-खालची अशा दोन भिंती धरून पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर. खालच्या मॉडेलच्या १६५/८० आर १४चा व्यास काढलात तर ६२० येतो. रिम एक इंचाने वाढवताना कंपनीने भिंत उतरवली आणि व्यास जागच्या जागी ठेवला. आपणही हीच वाट धरायची. १९५/५५ आर १६चा व्यास ६२१ येतो, २०५/४५ आर १७चा ६१६. दोन्ही चालतील. पण दुकानदाराने ‘हाच माल आहे, बसून जाईल’ म्हणत २०५/५० आर १७ पुढे केला, तर व्यास ६३७ होतो. वरच्या अंगाला साडेसात मिलिमीटर जागा गेली आणि गाडीचा खरा वेग काट्यापेक्षा अडीच टक्क्यांनी वर सरकला. असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

व्यास जुळला म्हणजे चाक बसलं, असं समजून पुष्कळ जण इथेच पैसे मोजतात. खरा घोळ रुंदी आणि ऑफसेटमध्ये असतो. चाक हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. समजा, जुना रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५, नवा सात इंच रुंद आणि ईटी ३८. रुंदी ३८ मिलिमीटरने वाढली, तिची निम्मी १९ आत गेली, १९ बाहेर. ऑफसेट सातने उतरला म्हणून अख्खा रिम सात मिलिमीटर बाहेर सरकला. हिशेब असा निघतो की बाहेरची कड २६ मिलिमीटर फेंडरकडे गेली आणि आतली कड १२ मिलिमीटर शॉकअ‍ॅब्सॉर्बरकडे. चाक घेण्याआधी हे दोन आकडे कागदावर हवेतच. आत शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेकचा होस, बाहेर फेंडरची दुमडलेली पत्र्याची कड, यांपैकी कोण किती जवळ आहे ते जुनं चाक असतानाच बोटांनी चाचपून, पट्टीने मोजून ठेवा.

आता गाडी खाली केल्याचा परिणाम बघू. उभ्या गाडीत टायर आणि कमान यांच्यात दोन बोटं जागा दिसते आणि मालक खूश होतो. पण चाक चालताना वर-खाली जातं. मूळ स्प्रिंगवर चाकाला वर जायला समजा ८० मिलिमीटर वाव होता. गाडी ३५ने खाली आली म्हणजे चाक तेवढं आधीच वर जाऊन बसलं, उरले ४५. मूळ गाडीतही चाक त्या शेवटच्या टोकापर्यंत जायचं, पण क्वचित, मोठ्या खड्ड्यात. आता ते रोज जाणार. गणपतीला चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात उतरताना, घाटातल्या वळणावर खड्डा आला की बाहेरच्या अंगाचं मागचं चाक नक्कीच जाणार. गाडी एकट्याने शहरात चालवली तेव्हा काहीच घासलं नाही, याला म्हणून फारसा अर्थ नसतो.

या कामाची खात्रीची तपासणी एकच आहे, आणि ती फार थोडी गॅरेजं करतात याचं मला वाईट वाटतं. पुढचा स्ट्रट सोडवून त्यातली स्प्रिंग काढायची. दाबलेली स्प्रिंग जिवावर बेतू शकते, म्हणून हे काम स्प्रिंग कंप्रेसर असलेल्या मेकॅनिकनेच करावं. बम्प स्टॉप, म्हणजे चाकाला शेवटी अडवणारं रबर, तसाच ठेवून स्ट्रट स्प्रिंगशिवाय परत बसवायचा, नवं चाक लावायचं आणि हबखाली जॅक देऊन बम्प स्टॉप टेकेपर्यंत ते वर उचलायचं. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि कमानीतला प्लॅस्टिकचा लायनर, फेंडरची कड, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, होस, सगळीकडे टॉर्च मारून बघायचं. खऱ्या धक्क्यात बम्प स्टॉपचं रबर आणखी दबतं, म्हणून दहाएक मिलिमीटर वरती सोडायचे. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग शॉकअ‍ॅब्सॉर्बरपासून वेगळी असते, त्यामुळे तिथे हे काम सोपं आहे. मात्र एका वेळी एकाच बाजूचं चाक उचला. आडव्या बीमची गाडी वळणात तशीच वागते आणि चाक कमानीत थोडं तिरकं शिरतं.

घासत असेल तर काय करायचं? फेंडरची आतली कड गरम करून रोलरने वर दुमडता येते. काम नीट झालं तर पाच-सात मिलिमीटर मिळतात, घाईत झालं तर रंग तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. माझा कौल आधी १६ इंची चाक आणि सहा-साडेसहा इंचांचा रिम बघण्याकडे आहे. खाली केलेल्या छोट्या गाडीत १६ची चाकंही कमान भरून टाकतात. बम्प स्टॉप कापण्याचा सल्ला मिळाला तर ते गॅरेज सोडा. कमानीत शिरणाऱ्या टायरला अडवणारी ती शेवटची वस्तू असते. स्प्रिंग ग्राइंडरने कापणं त्याहून वाईट. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते, कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की ती जागेवरून सुटू शकते.

१७ची चाकं घेतलीच तर टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून २०५/४५मध्ये ९२ वर येते. खड्ड्याचा घाव आधी रबर झेलायचं, तो आता रिमपर्यंत पोचतो. म्हणून रिम कुठला आहे, याला महत्त्व. त्याची वाकण्याची, भार पेलण्याची आणि आघाताची चाचणी झालेली असली पाहिजे. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १६१९२ प्रमाणे आयएसआय चिन्ह बघा, जपानी बनावटीवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरं. नकली मालावरही ती ओतलेली सापडतात, त्यामुळे बिल देणारा विक्रेता हवाच. टायरवरचा भारांक वाचायला विसरू नका. मूळ टायरचा ८८ आहे, म्हणजे एका टायरला ५६० किलो. २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४ चा येतो, फक्त ५०० किलो. तो घ्यायचाच तर ‘एक्सएल’ लिहिलेला ८८ चा घ्या, आणि त्याला हवा मूळ टायरपेक्षा जास्त लागते हे पंपावर लक्षात ठेवा.

बसवतानाच्या दोन गोष्टी. स्विफ्टचे चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि हबचा मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलचं मधलं भोक मोठं असतं, त्यात नेमक्या मापाची हब रिंग घाला. ती नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी स्टिअरिंग थरथरत राहतं. नट रिमच्या बैठकीला जुळणारेच वापरा, शंकूच्या बैठकीला शंकूचेच.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले. विमा कंपनीला चाकं आणि स्प्रिंग दोन्ही लेखी कळवा. जमिनीपासूनची उंचीही जमेत धरा. २०१८ च्या स्विफ्टची १६३ मिलिमीटर आहे, ३५ गेले की १२८ उरते, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आहे. गल्लीबोळातले गतिरोधक ते मानक पाळत नाहीत.

चाकं बसल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि पहिला आठवडा रोज कमानीत टॉर्च मारा. प्लॅस्टिकच्या लायनरवर चकचकीत पट्टा उमटला असेल तर चाक घासतंय, पण निवांत उपाय करता येतो. तोच पट्टा ब्रेकच्या होसवर किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर दिसला, तर गाडी आहे तिथेच उभी करा आणि जुनी चाकं मागवून घ्या.