वंशावळीपासून जनुकापर्यंत : घोड्यांच्या जनुकीय चाचण्या आणि पैदासकाराचा निर्णय

प्रस्तावना :

घोडा पारखण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्राची परंपरा सांगितली जाते. आणि आजही नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याचा सौदा ठरतो तो दात, चाल, रंग आणि अंगावरचे भोवरे पाहून. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानला जातो. ही सारी पारख डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांची आहे. परंतु या घोड्याचा बाप खरोखर कोण आणि त्याच्यापासून होणारे शिंगरू निरोगी निपजेल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे भोवऱ्यांत सापडत नाहीत. गेल्या तीन दशकांत विकसित झालेल्या जनुकीय चाचण्यांनी ती बऱ्याच अंशी मिळवून दिली आहेत. प्रस्तुत लेखात या चाचण्यांचे स्वरूप स्पष्ट करून, चाचणीने मिळालेले ज्ञान आणि त्यावर घेतला जाणारा निर्णय यांत पडणाऱ्या अंतराचा विचार केला आहे.

पितृत्वाची खात्री :

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ नोंदवणाऱ्या ‘जनरल स्टड बुक’चा पहिला खंड इंग्लंडमध्ये 1793 साली प्रसिद्ध झाला. अशी नोंदवही पैदासकाराच्या सांगण्यावर विसंबून असे आणि सांगणारा दरवेळी खरेच सांगेल याची हमी कोणी देत नसे. 1844 च्या एप्सम डर्बीची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. ही शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांपुरती मर्यादित असते. ती ‘रनिंग रेन’ने जिंकली, पण धावलेला घोडा प्रत्यक्षात ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा होता, असा आक्षेप आला. प्रकरण न्यायालयात गेले. दात पाहून वय ठरवता यावे म्हणून न्यायाधीशांनी घोडाच हजर करण्यास सांगितले, तेव्हा घोडा बेपत्ता झाला होता! विजेतेपद दुसऱ्या क्रमांकाच्या ‘ऑर्लँडो’कडे गेले. नोंदवहीतील नाव आणि समोर उभे असलेले जनावर यांची सांगड घालण्यास त्या काळी दातांपलीकडे फारसा पुरावा नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्तगट व रक्तातील प्रथिने यांवरून पितृत्व तपासण्याची पद्धत रूढ झाली. पुढे तिची जागा डी.एन.ए. चाचणीने घेतली. अमेरिकेच्या जॉकी क्लबने 2001 साली जन्मलेल्या शिंगरांपासून हा बदल केला. या चाचणीस रक्ताचीही गरज नसते. आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले काही केस पुरतात. केस कापून पाठवल्यास मात्र उपयोग होत नाही, कारण चाचणीस लागणारा डी.एन.ए. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींत असतो.

चाचणीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. गुणसूत्रांवर काही ठिकाणी डी.एन.ए.ची दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ती किती वेळा येतात, हे घोड्यागणिक बदलते. अशा प्रत्येक ठिकाणी घोड्याकडे दोन रूपे असतात, एक आईकडून आलेले व एक बापाकडून. समजा, एखाद्या ठिकाणी शिंगराची रूपे ‘क’ आणि ‘न’ आहेत आणि आईची ‘क’ व ‘प’. तर ‘न’ हे रूप बापाकडूनच आलेले असणार. सांगितलेल्या नराकडे ‘न’ नसेल, तर त्याच्या पितृत्वाविषयी शंका येते. एका ठिकाणची विसंगती क्वचित नव्या उत्परिवर्तनामुळेही असू शकते. अनेक ठिकाणी विसंगती आढळल्यास मात्र तो नर बाप नाही असे ठरते. प्रयोगशाळा सामान्यतः अशी बारा ते सतरा ठिकाणे तपासतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही चाचणी मुळात वगळण्याची आहे. ‘हा बाप नाही’ हे ती ठामपणे सांगते. ‘हाच बाप आहे’ हे ती संभाव्यतेच्या भाषेत सांगते. संशयित नर सख्खे भाऊ असतील, तर अधिक ठिकाणे तपासावी लागतात.

भारतातील थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद पुण्यात ठेवली जाते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या अखत्यारीतील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया हे काम पाहते आणि शिंगराची नोंद होण्यापूर्वी त्याचे मातापितृत्व डी.एन.ए.वरून पडताळले जाते. जुन्या नोंदींचे काय, हा प्रश्न उरतोच. केवळ आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातील डी.एन.ए.चा 2002 साली अभ्यास झाला, तेव्हा कागदावर एकाच मातृकुळातील मानल्या गेलेल्या काही थरोब्रेड घोड्यांच्या मूळ घोड्या निरनिराळ्या असल्याचे आढळले. दोनशे वर्षे पूज्य मानलेल्या नोंदवहीतही चुका होत्या, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

सुप्त दोष आणि वाहक :

आरोग्यविषयक चाचण्यांत अरबी घोड्यांमधील तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनता हा विकार पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावा असा आहे. असे शिंगरू जन्मतः निरोगी दिसते. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण ओसरले की त्याला एकामागून एक संसर्ग होतात आणि ते सहसा पाच-सहा महिन्यांच्या आत दगावते. डी.एन.ए.ची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील पाच अक्षरे गळालेली असणे हे याचे कारण असल्याचे 1997 मध्ये सिद्ध झाले आणि चाचणी उपलब्ध झाली.

हा दोष सुप्त आहे. एकच सदोष प्रत असलेला घोडा, म्हणजे वाहक, आयुष्यभर ठणठणीत राहतो. दोन वाहकांचा संकर झाला तर प्रत्येक शिंगरू बाधित होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. अमेरिकेतील 1998 च्या एका पाहणीत सुमारे 8.4 टक्के अरबी घोडे वाहक आढळले. संकर कोणतीही निवड न करता होत राहिले, तर या प्रमाणावरून साधारण 570 शिंगरांमागे एक बाधित निपजेल असे गणित निघते. एक दगावते आणि कित्येक पटींनी अधिक घोडे दोष मुकाट्याने पुढे नेतात. चाचणीविना त्यांना ओळखण्याचा मार्ग तोवर नव्हता.

वाहक सापडला म्हणजे त्याला पैदाशीतून बाद करावे, हा पहिला विचार स्वाभाविक असला तरी तो घाईचा आहे. वाहकाचा संकर दोषमुक्त जोडीदाराशी केल्यास एकही शिंगरू बाधित होत नाही. उलट आठ टक्के जनावरे एकदम काढून टाकल्यास त्यांच्याबरोबर चांगले गुणही जातात, उरलेल्यांतील नाते अधिक जवळचे होते आणि दुसरेच सुप्त दोष डोके वर काढण्याचा धोका वाढतो. येथे चाचणीचा खरा उपयोग जोडी ठरवण्यासाठी आहे.

‘इंप्रेसिव्ह’चा वारसा :

अमेरिकन क्वार्टर हॉर्स या जातीतील विकाराची कथा वेगळी आहे आणि अधिक अस्वस्थ करणारीही. 1969 साली जन्मलेला ‘इंप्रेसिव्ह’ हा नर घोडा 1974 मध्ये शरीरसौष्ठवाच्या प्रदर्शनात विश्वविजेता ठरला. त्याच्या भरदार स्नायूंवर परीक्षक व पैदासकार दोघेही लुब्ध झाले आणि त्याची दोन हजारांहून अधिक शिंगरे नोंदली गेली. पुढे त्याच्या वंशजांत एक चमत्कारिक विकार दिसू लागला. अंगाला अकस्मात कंप सुटे, स्नायू फुरफुरत, मागचा भाग लुळा पडे आणि घोडा खाली कोसळे. काही जनावरे श्वसनाचे स्नायू किंवा हृदय बंद पडून दगावली. झटक्याच्या वेळी रक्तातील पोटॅशियम वाढलेले आढळे. 1992 मध्ये याचे मूळ स्नायूपेशीतील सोडियम वाहिनीच्या जनुकात, एका अक्षराच्या बदलात असल्याचे दाखवण्यात आले. बाधितांच्या वंशावळी मागे मागे नेल्या असता त्या ‘इंप्रेसिव्ह’पाशी येऊन मिळत होत्या. नोंदवह्या नीट ठेवलेल्या नसत्या, तर हा शोध इतका सरळ झाला नसता.

हा दोष प्रभावी आहे. एक प्रत असली तरी विकार होतो, दोन असल्यास अधिक तीव्र होतो आणि शिंगराला श्वास घेणे व गिळणेही अवघड जाते. ज्याच्याकडे एकच प्रत आहे अशा घोड्याला पोटॅशियमयुक्त खाद्य, उदाहरणार्थ लसूणघास व मळी, टाळून आणि औषध देऊन पुष्कळदा सांभाळता येते. परंतु त्याची निम्मी शिंगरे, जोडीदार निर्दोष असला तरी, हा दोष घेऊनच जन्मतात. अरबी वाहकाला लावलेला न्याय येथे लागू पडत नाही, हे उघड आहे.

तरीही चाचणी हाती आल्यानंतर बंधन येण्यास दीर्घ काळ लागला. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनने 1998 पासून जन्मलेल्या ‘इंप्रेसिव्ह’च्या वंशजांच्या नोंदपत्रावर या विकाराचा इशारा छापण्यास सुरुवात केली. दोन्ही प्रती सदोष असलेल्या शिंगरांना नोंद नाकारण्याचा नियम 1 जानेवारी 2007 पासून जन्मलेल्यांना लागू झाला. म्हणजे कारण कळल्यापासून पंधरा वर्षे गेली. विलंबाचे कारण विज्ञानात शोधण्यात अर्थ नाही. ज्या शरीरयष्टीला बक्षीस मिळत होते, तीच दोषासह पुढच्या पिढ्यांत जात होती. बाजारभावही त्याच यष्टीला होता. 2007 च्या नियमानेही एक सदोष प्रत असलेल्या घोड्यांना वगळले नाही. ते नोंदले जातात, प्रदर्शनात उतरतात आणि त्यांच्यापासून पैदास करावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.