मालक कुठाय, तेच ठाऊक नाही. मग संघटना कशी करायची?

तायांनो, मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत खुरपणीच्या मजुरीचा विषय निघाला. तेव्हा मागच्या रांगेतून एक आवाज आला, "आपला गट बचतीचा आहे बाई. युनियन कशाला काढताय? युनियन असते गिरणीत, कारखान्यात."

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेट, भोंगा, झेंडा आणि एक मालक येतो. आपला मालक कोण? आज एकाच्या कांद्यात, उद्या दुसरीच्या सोयाबीनमध्ये, परवा रस्त्याच्या कामावर. मजुरी कमी दिली तर धरणं धरायचं कुणाच्या दारात?

हाच प्रश्न १९७२ साली अहमदाबादेत सरकारी कामगार खात्यानं विचारला होता. इला भट्ट तिथल्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन या युनियनमध्ये बायकांचा विभाग बघत होत्या. डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांना घेऊन त्यांनी 'सेवा' ही संघटना काढली आणि नोंदणीला गेल्या. खात्याचं म्हणणं असं की तुम्हाला मालकच नाही, तर लढणार कुणाशी? त्यांचं उत्तर साधं होतं. संघटना ही कुणाच्या विरोधात असलीच पाहिजे असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. दोनच वर्षांनी, १९७४ ला, त्यातल्या ४ हजार बायकांनी दहा-दहा रुपये भाग भांडवल घालून स्वतःची बँक उभी केली, कारण सावकाराच्या व्याजात बुडालेली बाई मजुरीसाठी भांडूच शकत नव्हती. म्हणजे बघा, त्यांनी संघटनेतून बचत काढली. आपण बचतीपासून सुरुवात केली आहे.

आता आपल्या जवळचं, पुण्याचं उदाहरण जरा सविस्तर सांगते.

पुण्यात उकिरड्यावर, कचराकुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचणाऱ्या बहुतेक बायकाच. त्याही जास्त करून दलित समाजातल्या, आणि कित्येकींची घरं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. पहाटे निघायचं, पाठीवर पोतं, दुपारी भंगारवाल्याकडे वजन. तो सांगेल तो भाव, तो सांगेल ते वजन. वरून पोलिस चोरीचा संशय घेणार, सोसायटीचा वॉचमन हाकलणार, कुत्री मागे लागणार. मालक कोण? भंगारवाला म्हणतो मी माल विकत घेतो, नोकरी देत नाही. महापालिका म्हणते या बायका आमच्या कोणी नाहीत.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी या वस्त्यांत पोचल्या. त्यांच्या लक्षात आलं की नुसतं अक्षर शिकवून भागणार नाही. हमाल पंचायतीचे बाबा आढाव सोबत आले. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, ८०० च्या वर माणसं जमली, आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' जन्माला आली. कायद्यानं ती युनियनच आहे, पण काम करण्याची रीत वेगळी.

पहिली मागणी पैशाची नव्हतीच, ओळखपत्राची होती. मला वाचताना आधी नवल वाटलं, एवढ्याशा कार्डानं काय होतं? पण पोलिसानं अडवल्यावर दाखवायला फोटोचं कार्ड असणं, त्यावर महापालिकेची मान्यता असणं, म्हणजे "ही चोर नाही, ही कामगार आहे" असं सरकारनंच सांगणं. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ती मान्यता दिली.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी आपल्या कामाचा हिशेब मांडला. २००१ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की शहरातले कचरावेचक रोज सुमारे १४४ टन वस्तू कचऱ्यातून बाजूला काढतात. तेवढा माल महापालिकेला ट्रकात भरून वाहावा लागत नाही, म्हणून वाहतुकीचे वर्षाला १ कोटी ५८ लाख रुपये वाचतात. एकेक जण महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करते. हे आकडे हातात घेऊन पंचायत महापालिकेकडे गेली: आम्ही तुमचे इतके वाचवतो, आमच्या दवाखान्याचा खर्च तरी उचला. पुढे महापालिकेनं त्यांचा आरोग्य विमा उतरवला. याचना केली असती तर फार तर एखादं शिबिर मिळालं असतं.

मग पतसंस्था झाली, भंगाराची स्वतःची दुकानं निघाली. तिथं काटा आपला, म्हणून वजन खरं. २००८ मध्ये महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरटी दरमहा शुल्क बाईच्या हातात, आणि भंगारही तिचंच. उकिरड्यात वाकणारी बाई दारात उभी राहून काम करू लागली.

सगळं सुखाचं झालं असं मात्र समजू नका. करार संपत आला की दर वेळी तोच घोर: पुन्हा होणार की मोठ्या गाड्यांच्या ठेकेदाराला जाणार? काही घरं शुल्क द्यायला अजून खळखळ करतात. एकी एकदा केली की झालं, असं नसतं.

आता आपलं बघू. चार वर्षांपूर्वी आमच्या गावात तीन गटांतल्या बायकांनी ठरवलं की सोयाबीन खुरपणीला अडीचशेऐवजी तीनशे रोज घ्यायचा. तीन दिवस एकही बाई कमी पैशावर गेली नाही. चौथ्या दिवशी खालच्या वस्तीतल्या सातजणी अडीचशेवर गेल्या. गावात त्यांना खूप बोलणी बसली. मीही बोलले, आता त्याची लाज वाटते. नंतर कळलं की त्यांनी लग्नाला, दवाखान्याला आधीच उचल घेतली होती. उचल घेतलेल्या बाईला भाव बोलायची सोय नसते, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. त्या वेळी ग्रामसंघात पैसे पडून होते! त्यांना उचल फेडायला अंतर्गत कर्ज दिलं असतं तर तो तीनशेचा भाव टिकला असता.

अजून एक गाठ आहे, ती शहरातल्या बायकांना नाही. जिच्या शेतात खुरपायला जातो, ती पुष्कळदा आपल्याच गटात बसते. तिचीही बाजू आहे, सोयाबीनला भाव नाही. म्हणून आमच्याकडे ही बोलणी गटातच, पेरणीच्या आधी करायचं ठरतंय. उभ्या पिकात तण माजल्यावर अडवलं की जन्माचं वैर होतं. सावडीला जाणाऱ्या आपल्या आज्ज्यांना हे बरोबर ठाऊक होतं.

तोवर दोन कामं करता येतील. ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना फुकट निघतं, गटातल्या किती जणींचं आहे ते मोजा. बांधकामावर जाणाऱ्या बाईची वर्षात ९० दिवस हजेरी भरली असेल तर तिला बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी दिवस लिहून ठेवावे लागतात, मुकादमाच्या डायरीवर विसंबू नका.

आणि गटाच्या वहीत बचत, कर्ज, व्याज या रकान्यांशेजारी आणखी तीन रकाने आखा: कुणाकडे काम केलं, किती दिवस, काय रोज मिळाला. उचल कुणाची, किती, हेही लिहा, पण ते ज्या बाईला सांगायचं असेल तिनंच सांगावं. आमच्या ग्रामसंघात या महिन्यापासून सुरू केलंय. पहिल्याच बैठकीत निघालं की एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाच कामाला चार वेगवेगळे रोज दिले गेले होते. त्या दिवशी बैठक संध्याकाळी सातपर्यंत चालली.