मीटरचा दिवस आणि मीटरची रात्र

विजेचे बिल हा कागद मोठा विलक्षण आहे. वाण्याची यादी आपण ओळीओळीने तपासतो. दूधवाल्याचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मांडून ठेवतो. परंतु विजेचे बिल हाती आले म्हणजे तळाचा आकडा तेवढा पाहतो, आणि तो फुगलेला दिसला की घरात वीज कोणी उधळली याचा शोध सुरू करतो. तपासावयाचा असतो हिशेब, आणि तपासले जाते माणूस! या दोषास आम्हीही अपवाद नाही, हे गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रत्ययास आले. ती हकीकत सांगण्यात आम्हांस काही भूषण वाटते असे नाही. परंतु तिच्यापासून चार कुटुंबांस उपयोग होईल या भरवशावर ती येथे देत आहो.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टर या शहरी असतात. त्यांच्याकडे आम्ही उभयता चार महिने राहून आलो. त्यांचे बिऱ्हाड लहान. त्यात गॅसची नळी नाही, सर्व काही विजेवर. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत एक जाडजूड पेटी आहे. तिच्या पोटात वजनदार विटा असतात. त्या रात्री विजेने तापतात आणि दिवसा हळूहळू ऊब सोडतात. न्हाणीच्या पाण्याची टाकीही विजेवरच तापते. आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारे मीटर दुहेरी आहे. त्याच्यावर दोन आकडे असतात. एक स्वस्त वेळेचा व दुसरा महाग वेळेचा.

अशी दुहेरी व्यवस्था का केली असावी? धान्य कोठारात भरून ठेवता येते. वीज त्याप्रमाणे मोठ्या प्रमाणावर साठविणे फार कठीण व खर्चाचे असते. ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी ती कोठे तरी वापरली जावी लागते. कोळशाची व अणुशक्तीची मोठी विद्युत्केंद्रे तर मध्यरात्री बंद करून पहाटे पुन्हा चालू करणे सोयीचे नसते. गाव निजलेले आणि यंत्रे चाललेली, अशा वेळी वीज स्वस्त देऊन गिऱ्हाईक आणावे, या विचाराने इंग्लंडात १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची योजना सुरू झाली. रात्रीचे सात तास दर कमी, उरलेले सतरा तास दर जास्त, असे तिचे स्वरूप. त्याच विचाराने वेल्समधील डिनॉर्विग येथे १९८४ साली डोंगराच्या पोटात एक केंद्र उघडण्यात आले. तेथे रात्रीच्या स्वस्त विजेने खालच्या तलावातील पाणी वर चढवितात आणि मागणी वाढली म्हणजे तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. आता काळ पालटला आहे. ब्रिटनमधील कोळशावरील शेवटचे विद्युत्केंद्र, लेस्टरपासून फार दूर नसलेले रॅटक्लिफ येथील, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. तरी रात्री मागणी कमी असते आणि वारा मात्र रात्रीही वाहतो. म्हणून दुहेरी दराची योजना तेथे अद्याप आहे.

परंतु या योजनेत एक मेख आहे, ती ध्यानात ठेविली पाहिजे. रात्रीचा दर उतरतो त्याचबरोबर दिवसाचा दर साध्या एकेरी दराहून वर चढतो. समजा, एकेरी दर युनिटास २५ पेन्स आहे. दुहेरी मीटरवर दिवसाचा ३० व रात्रीचा १५. मग दिवसाच्या प्रत्येक युनिटामागे ५ पेन्स तोटा आणि रात्रीच्या प्रत्येक युनिटामागे १० पेन्स नफा. अर्थात दिवसाची दोन युनिटे जळली तर त्यांची भरपाई करण्यास रात्रीचे एक युनिट हवे. निदान एकतृतीयांश वीज रात्री वापरली तरच बरोबरी. त्याहून कमी वापरली तर दुहेरी मीटर अंगावर येते. प्रत्येकाने आपापल्या बिलावरील दर घेऊन हा हिशेब मांडावा. दिवसाच्या दरातून एकेरी दर वजा करावा. दिवसाच्या दरातून रात्रीचा दर वजा करावा. पहिल्या बाकीस दुसरीने भागावे. जो अपूर्णांक येईल तेवढा तरी भाग रात्रीच्या खात्यावर पडला पाहिजे. पाचवीच्या मुलाला हे त्रैराशिक सुटते. परंतु बिल भरणारी वडील मंडळी ते सोडवीत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे वळू. आम्ही तेथे गेलो त्याच्या थोडे अगोदर चिरंजीवांच्या घरचे जुने मीटर काढून नवे बसविले होते. त्यानंतर त्यांनी हा सर्व विचार करून सौ. सूनबाईंना सांगितले की, यापुढे पाणी तापविणे, कपडे धुणे व वाळविणे, सर्व रात्री साडेबारानंतर करावयाचे; त्या घरी स्वस्त वेळ साडेबारापासून सकाळी साडेसातपर्यंत होती. सूनबाईंनी ते मान्य केले. महिना गेला, बिल आले, आणि ते अगोदरच्या महिन्याहून कमी असावयाचे ते चांगले ३० पौंडांनी वाढलेले निघाले.

“तू वेळ पाळतेस की नाही?” चिरंजीवांनी विचारले.

“पाळते. थंडी वाढली आहे, त्याने असेल,” त्या म्हणाल्या.

“थंडीने इतका फरक पडत नाही.”

येथे आम्ही मध्ये पडावयास हवे होते. त्याऐवजी आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, “वेळेचे थोडे भान ठेवले तर बरे.” सूनबाई काही बोलल्या नाहीत. ताटे उचलून त्या आत गेल्या.

वय झाले म्हणजे झोप सावध होते. चार दिवसांनी रात्री एकच्या सुमारास आम्हांस जाग आली, तो स्वयंपाकघरात उजेड दिसला. पाहतो तो सूनबाई अंगाभोवती शाल लपेटून कपडे वाळविण्याच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसलेल्या. सकाळी सातला त्यांना कामावर निघावयाचे असे.

“अजून जागी का ग?” आम्ही विचारले.

“नाना, सगळे निजल्यावर हे यंत्र चालू ठेवू नये असे इथले अग्निशामक दलाचे लोक सांगतात. कधीकधी पेट घेते म्हणे. म्हणून होईपर्यंत बसते.”

“रोज?”

“कपडे असतील त्या दिवशी.”

त्या रात्री आम्हांस पुन्हा झोप लागली नाही. ज्या मुलीला आम्ही वेळेचे भान ठेवण्याचा उपदेश केला, ती घड्याळाकडे पाहत अर्धी रात्र बसून काढीत होती. आणि तरीही बिल वाढत होते! तेव्हा एक तर ती खोटे बोलत होती, नाही तर कागद खोटे बोलत होता. तिला आम्ही प्रत्यक्ष पाहिले होते. राहिला कागद.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातवाची एक कोरी वही मागून घेतली आणि मीटरचे दोन्ही आकडे रोज रात्री दहा वाजता व सकाळी आठ वाजता उतरून ठेवू लागलो. पहिल्याच चोवीस तासांत उलगडा झाला. रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात पहिला आकडा १७ युनिटांनी वाढला व दुसरा २ युनिटांनी. सकाळी आठ ते रात्री दहा या वेळात पहिला आकडा जागचा हालला नाही. दुसरा ८ युनिटांनी वाढला. म्हणजे पहिला आकडा रात्रीचा होता, यात शंका उरली नाही. आम्ही बिल काढून पाहिले, तो त्यावर पहिल्या आकड्यासमोर छापले होते ‘दिवस’ आणि दुसऱ्यासमोर ‘रात्र’! नवे मीटर बसविले तेव्हा कंपनीच्या दप्तरात दोन्ही खात्यांची नावे उलटसुलट नोंदली गेली होती. आणि घरातील कोणीही, अस्मादिकांसकट, ती पडताळून पाहिली नव्हती.

याचा परिणाम कसा होतो तो पाहण्यासारखा आहे. वर घेतलेलेच दर धरू. महिन्याची वीज एकंदर ८०० युनिटे. सूनबाईंनी वेळ बदलण्यापूर्वी दिवसाची ५०० व रात्रीची ३००; बदलल्यानंतर दिवसाची ३०० व रात्रीची ५००. बरोबर हिशेबाने बिल १९५ पौंडांवरून १६५ पौंडांवर उतरावयास हवे होते. परंतु खाती उलटी असल्यामुळे ते १६५ वरून १९५ वर चढले. म्हणजे तिने जितकी काटकसर केली तितकाच दंड घराला झाला, आणि जितका दंड झाला तितका दोष तिच्या माथी आला. तिने काहीच केले नसते, तर बिल कमी येऊन तिची वाहवा झाली असती!

चिरंजीवांनी आठ दिवसांचे आकडे व मीटरची छायाचित्रे कंपनीकडे पाठविली. काही आठवड्यांनी चूक मान्य होऊन हिशेब सुधारला व जादा घेतलेले पैसे खात्यावर जमा झाले. पैशांचे काम अशा रीतीने भागले. दुसरे काम अधिक अवघड होते. वडिलकीच्या आसनावरून क्षमा मागण्याची आम्हांस सवय नाही. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या चुका दाखविण्यात गेली. तथापि त्या संध्याकाळी सर्वांसमक्ष आम्ही सूनबाईंस म्हणालो, “पोरी, आमचे चुकले. आम्ही न तपासता बोललो.” चिरंजीवांनीही मान खाली घातली. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “असू द्या नाना. पण आता मला दहा वाजता निजता येईल का?”

या प्रश्नाने आमचे डोळे दुसऱ्यांदा उघडले. आम्ही पुन्हा वही घेतली. कपडे धुण्यावाळविण्याच्या एका खेपेस सुमारे ३ युनिटे लागतात असे दिसून आले. प्रत्येकी १५ पेन्सांची बचत, म्हणजे ४५ पेन्स. एवढ्यासाठी एक माणूस मध्यरात्रीनंतर दोन तास जागत होते! खरी बचत होती ती पाण्याच्या टाकीची व विटांच्या पेटीची. त्यांना घड्याळाचा स्विच लावलेला असतो, त्यांच्यासाठी कोणी जागावे लागत नाही. तेव्हा असे ठरले की, टाकी व पेटी रात्री आपोआप तापावी. कपड्यांचे यंत्र सकाळी साडेपाचला, स्वस्त वेळ संपण्याच्या आत, चालू करावे. आणि ते चालू करण्यास चिरंजीवांनी उठावे. पुढच्या महिन्याचे बिल १६५ च्या आसपास आले आणि घर वेळेवर निजू लागले.

हे सर्व परदेशातले, त्याचे आम्हांस काय, असे कोणी म्हणेल. परंतु ही व्यवस्था आता आपल्या दारी आली आहे. ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या केंद्र सरकारच्या विद्युत् नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांसही १ एप्रिल २०२५ पासून वेळेप्रमाणे दर लावावयाचे आहेत. गंमत अशी की, आपल्याकडे चक्र उलटे फिरते. तेथे रात्र स्वस्त. येथे ऊन असताना सौरवीज मुबलक, म्हणून दिवसाचे आठ तास स्वस्त. त्या नियमांप्रमाणे सौर तासांतील दर नेहमीच्या दराहून निदान २० टक्के कमी असावा आणि मागणीच्या ऐन वेळी घरगुती ग्राहकांस तो निदान १.१ पट असावा. प्रत्यक्ष तास व दर राज्याचा विद्युत् आयोग ठरवितो; ते आपल्या चालू बिलावर पाहावेत. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे: जेव्हा माल पुष्कळ व गिऱ्हाईक थोडे, तेव्हा भाव उतरतो. मीटरचा दिवस पंचांगातील सूर्योदयाला उगवत नाही. तो आयोगाच्या आदेशाने उगवतो.

शिवाय महाराष्ट्रातील बिलात केवळ युनिटांचा भाव नसतो. स्थिर आकार वीज न वापरली तरी द्यावाच लागतो. वीज आकार व वहन आकार युनिटांवर पडतात; इंधनाच्या किमतीप्रमाणे समायोजन होते; वर सरकारी वीज शुल्क. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० व ५०० युनिटांवर पायऱ्या आहेत. पायरी ओलांडली म्हणजे सर्वच युनिटे महाग होत नाहीत, पुढची तेवढी होतात. हा खुलासा माहीत नसल्यामुळेही घरोघरी पुष्कळ वाद होतात.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच. घरात एक वही ठेवावी. दर रविवारी ठरलेल्या वेळी मीटरचे आकडे त्यात उतरावेत. हे काम घरातील एखाद्या शाळकरी मुलाकडे द्यावे, त्यास गणितही येईल व घरही कळेल. वर्षातून एकदा तरी, महाग वेळ चालू असता इस्त्री लावून कोणता आकडा हालतो ते पाहावे आणि बिलावरील नावाशी ताडून घ्यावे. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली म्हणजे एक युनिट. दोन हजार वॅटच्या गीझरला त्यासाठी अर्धा तास पुरतो. एवढी दोन मापे पाठ असली की पुष्कळसा हिशेब तोंडी होतो.

आणि एकत्र कुटुंबात वेळ बदलण्याचे ठरेल तेव्हा वहीत आणखी एक रकाना आखावा: ही वेळ कोणाची? आपल्याकडे स्वस्त तास दुपारचे. त्या वेळी पाण्याचा पंप, धुणे, इस्त्री उरकण्याचे ठरले, तर घरात दुपारी जी असते तिच्याच विश्रांतीवर तो भार पडावयाचा. बचतीचा आकडा एका बाजूस व तिची झोप दुसऱ्या बाजूस मांडून मगच बेरीज करावी. आम्ही लेस्टरहून परत आल्यावर वाड्यातील मीटरखाली तशी एक वही दोरीने टांगून ठेविली आहे. सूनबाईंचे पत्र आले होते. त्यात त्यांनी तिकडच्या वहीचे आकडे कळविले आहेत, आणि खाली लिहिले आहे की झोप पुरेशी होते.