पहिली ओळ कोणती लिहायची?

मैत्रिणींनो, नियम लिहिणं हे भांडणाचं काम आहे, हे मला मागच्या श्रावणात कळलं. कोपरखैरण्यात आम्ही बारा जणींनी नवा बचत गट काढला. खातं उघडण्याआधी नियमावली करायची, म्हणून दुपारी माझ्याच घरी बसलो. तासाभरात उरकेल असं वाटलं होतं. पण पहिल्याच ओळीला गाडी अडली. वर ‘श्री गणेशाय नमः’ लिहायचं, असं चौघी म्हणाल्या. गटात दोघी मुसलमान. त्या काही बोलल्या नाहीत, पण हातातला चहाचा कप खाली ठेवला तो परत उचलला नाही.

बी.ए.ला मी राज्यशास्त्र घेतलं होतं, ते असं कामी आलं. म्हटलं, अगं, हेच भांडण आपल्या घटना समितीतही झालंय! १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामतांनी दुरुस्ती सुचवली, की सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. पूर्णिमा बॅनर्जी उठल्या आणि त्यांनी कामतांना विनवलं, की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. शेवटी मतं मोजली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. समितीत देवभक्त काही कमी नव्हते, पण सरनामा सुरू झाला तो ‘आम्ही, भारताचे लोक’ असा.

देश नवा झाला की घटना कोणीतरी एक शहाणा माणूस रात्रीत लिहून काढतो, असं आपल्याला उगाच वाटतं. बाबासाहेबांच्या मसुदा समितीचे कष्ट मोठेच होते. पण ९ डिसेंबर १९४६ ला समितीची पहिली बैठक झाली आणि घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. मध्येच देशाची फाळणी झाली, तरी काम थांबलं नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा छापून लोकांपुढे ठेवला, की सांगा काय चुकतंय. सात हजार सहाशेवर दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आमच्या बारा जणींना एका दुपारचा कंटाळा आला होता!

समितीत बायका होत्या पंधरा. एवढ्या मोठ्या सभेत पंधरा म्हणजे मीठच, पण मिठानेच चव येते. दुर्गाबाई तिथे होत्या. चिंतामणराव देशमुखांशी लग्न होऊन त्या आपल्या रायगडकडच्या सूनबाई झाल्या, ते नंतर, १९५३ मध्ये. मुंबईहून हंसाबेन मेहता होत्या. राखीव जागा बायकांनी कधी मागितल्या नाहीत, आम्हाला न्याय हवा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. आमच्या महापालिकेत निम्म्या जागा राखीव झाल्या नसत्या, तर किती बायका तिथवर पोचल्या असत्या? पण बाईंची नजर बारीक. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द होता, तो बदलून ‘सर्व माणसं’ असं करवून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एकच शब्द, पण लिहायला बसलेल्यांत बाई होती म्हणून तो खटकला.

आमच्याकडेही तेच झालं. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे, उशीर झाल्यास दहा रुपये दंड’ असं मी झोकात लिहिलं. धुणंभांडी करणारी एक ताई म्हणाली, “माझा पगार दहाला होतो. म्हणजे मी कायमची दंडातच!” आम्हा पगारदारांच्या बायकांच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. तारीख बारा केली.

मग नावं लिहायला घेतली. गावठाणातल्या एक मावशी म्हणाल्या, “लिही थोरल्याची आई. सगळे तेच म्हणतात.” तेव्हा मी पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. घटनेने प्रत्येक सज्ञान बाईला मत दिलं, पण याद्या करणाऱ्यांना कित्येकींनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. नाव सांगेनात, म्हणून सुमारे २८ लाख बायकांच्या नोंदी गाळाव्या लागल्या. हक्क हातात येऊन गेला तो असा.

मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी एक नाव सांगितलं, ते माहेरचं. लग्नात बदललेलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने ते पहिल्यांदाच ऐकलं. आता आधार कार्डावर सासरचं नाव, बँकेला तेच लागणार. म्हणून अर्जात ते घातलं. पण वहीत मावशींनी सही केली ती माहेरच्या नावाने, अक्षर अक्षर जोडत. त्या पानावर वरची ओळ शेवटी ‘आम्ही बारा जणी’ अशी आहे. दोन सह्या जुळत नाहीत म्हणून बँकेतले साहेब काय म्हणतात, ते सोमवारी कळेल.