शाळेची घंटा आणि माझी सायकल

दांडिया बाजारातून फत्तेगंजात सायकलने जायला मला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. साडेसातची शिकवणी, म्हणून सातला पाच मिनिटे असताना उंबरठा ओलांडायचा, हा माझा पुष्कळ वर्षांचा हिशेब. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली होती. ती म्हणजे शाळा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. निघायला उशीर झाला होता. रावपुऱ्यात एका शाळेपुढे रिक्षा, स्कूटरी, मोटारी यांची दाटी झालेली. मी त्यातून वाट काढीत होतो. तोच एका रिक्षातून एक लहान मुलगी रस्त्याच्या बाजूने उतरली. ब्रेक दाबला, पण रस्ता ओला होता. हँडल तिच्या दप्तराला लागले आणि ती खाली बसली. गुडघा खरचटला. मी धावलो, तर डबा उचलीत तीच म्हणाली, "काका, लागलं नाही." तिने रडून मला बोल लावला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवशी मी घरी येऊन सगळा दोष गर्दीला दिला. मग स्वतःचीच लाज वाटली. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सगळ्या राज्यात लागू केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला तेव्हा दंड होत असे. आता पालक आपणहून मुलाला दारापर्यंत पोचवायला येतात. त्या गर्दीबद्दल बडोदेकराने तक्रार करावी ती कोणत्या तोंडाने?

तेव्हा बदलायचे ते मीच, असे ठरविले. आधी रस्ता बदलून पाहिला. मागच्या गल्ल्यांतून गेलो, तर वळणे वाढली आणि प्रत्येक वळणावर समोरून कोण येईल याचा धसका. राजमहाल रस्त्याने वळसा घेतला, तर अंतर वाढले, आणि शाळा त्याही बाजूला होत्याच!

मग आठवडाभर नुसते घड्याळ पाहिले. तेव्हा ध्यानात आले की ही गर्दी काही सकाळभर नसते. घंटेपूर्वी पंधरा-वीस मिनिटे ती चढत जाते आणि घंटेनंतर दहाएक मिनिटांत ओसरते. मी नेमका तिच्या माथ्यावर जाऊन पोचत होतो. दुपारी बाराच्या सुमारास सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, तेव्हा तर येणारे आणि जाणारे एकाच फाटकाशी भेटतात. शनिवारचे वेळापत्रक आणखी निराळे. त्या दिवसाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आमच्याकडे तिहाई शिकविताना हाच घोटाळा होतो. तिहाई समेवर आली नाही की विद्यार्थी शेवटच्या तुकड्यात घाई करतो. चूक दिसते शेवटी, पण झालेली असते उचलतानाच. माझा उशीरही रावपुऱ्यात होत नव्हता. तो घरच्या उंबरठ्यावरच झालेला असे, आणि भरपाई मात्र मी परक्यांच्या मुलांमधून सायकल दामटून करीत होतो.

आता मी साडेसहाला निघतो. रावपुऱ्यात दुकानांच्या फळ्या बंद असतात. कोठीवरून काळ्या घोड्यापर्यंत मनासारखी लय लागते, विश्वामित्रीच्या पुलावर क्षणभर थांबताही येते. सातला फत्तेगंजात पोचतो आणि अर्धा तास निवांत तंबोरा जुळवतो. पूर्वी धापा टाकीत पोचून कसाबसा पंचम लावीत असे, आणि वर विद्यार्थिनींना 'स्वर नीट ऐका' म्हणून बजावीत असे! माझे वडील मैफलीच्या कितीतरी आधी जाऊन बसत, त्याचा अर्थ चाळिशी उलटल्यावर कळला.

तरी माणूस आहे, एखाद्या दिवशी उशीर होतोच. त्या दिवशी शाळेपुढे सायकलवरून उतरतो आणि ती हातात धरून चालतो. त्यात तीन मिनिटे जातात. विद्यार्थिनी तेवढ्या थांबतात, आणि तंबोऱ्याला तर कसलीच घाई नसते.