संगणक ‘थांबा’ म्हणतो तेव्हा

सिन्नर तालुक्यातल्या आपल्या एखाद्या बचत गटाने लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स घेतलं आणि हिशेबासाठी ग्नूकॅश टाकताना ‘लॉक मिळत नाही’ असा इंग्रजी संदेश आला, तर घाबरू नका. बहुधा लॅपटॉप स्वतःच अपडेट घेत असतो. किल्ली एकच, आधीचं काम संपेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. थोडं थांबा. मधेच बंद केलं तर काम अर्धवट राहतं, मग नवं काहीच बसत नाही. म्हणून आधी बॅटरी भरून घ्या.

‘पॅकेज सापडत नाही’ असं आलं, तर नावाचं स्पेलिंग तपासा. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. यादी ताजी होते. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत, पण उमटतात. टाकून एंटर दाबा.