बिल्डिंग बांधू नका, चेक घेऊन जा!

जमीन विकून रातोरात श्रीमंत झालेले गुंठामंत्री आपण खूप पाहिले. पण जमीन न विकता, तिच्यावर एक वीटही न रचता सरकारकडून चेक घेणारा शेतकरी पाहिलाय? अमेरिकेत असे हजारो आहेत!

या जादूचं नाव कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. शेत तुमचं, मका तुमचा, गाईही तुमच्याच. फक्त प्लॉटिंगचा हक्क तुम्ही काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाराला, विकायचा किंवा दान करायचा. सातबाऱ्यावर ‘बांधकाम नाही’ असा बोजा चढला म्हणा ना. आणि हा बोजा कर्ज फेडूनही उतरत नाही. शेत विका, नातवाच्या नावावर करा, बोजा जमिनीबरोबर जातो. बहुतेक करारांची मुदत एकच: कायमची.

भाव कसा ठरतो? बिल्डर जमिनीचे 10 लाख डॉलर देतोय आणि नुसती शेती करणारा 4 लाख देईल असं समजा. मधले 6 लाख हा ‘न बांधण्याचा’ रेट. काहीच न करण्याला इतका भाव कुठल्याच नोकरीत नाही!

माहीत आहे का, शेतजमिनीचे विकासहक्क विकत घेणारी पहिली काउंटी कोणती? न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरची सफोक. कायदा 1974 चा, पहिली खरेदी 1977 ची. हा मुलूख बटाट्यांचा आणि बदकांचा. 1931 मध्ये तिथे चक्क बदकाच्या आकाराचं दुकान बांधलं गेलं, ते अजून उभं आहे. बांधकाम असावं तर असं.

याच सफोकमध्ये हॅम्प्टन्स आहे, सेलिब्रिटींच्या बंगल्यांचा इलाखा. तो धरून सफोकच्या पूर्व टोकाच्या पाच टाउनांनी 1998 मध्ये मतदान घेतलं आणि घरखरेदीवर 2 टक्के कर बसवला. पैसा कशासाठी? शेतं आणि मोकळ्या जागा वाचवायला. आजवर 100 कोटी डॉलरहून जास्त जमा झालेत. एकीकडे बंगला विकला जातो, दुसरीकडे बटाटा वाचतो!

आता मुंबईकरांनो, कान टवकारा. टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा विकासहक्क! आपल्याकडे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतून आलेला हा शब्द मेरिलँडच्या माँटगोमेरी काउंटीने 1980 मध्येच शेतावर नेला. राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेल्या या काउंटीने जवळपास एक तृतीयांश भाग, म्हणजे 93,000 एकर, शेतीसाठी राखून ठेवला. नियम कडक: 25 एकरांत एकच घर. पण शेतकऱ्याचं नुकसान नको, म्हणून दर 5 एकरांमागे एक टीडीआर. तो बिल्डरला विकायचा, बिल्डरने दुसरीकडे जादा घरं बांधायची आणि शेतावर ईझमेंट चढायचं. आपल्याकडे रस्ता-बागेच्या आरक्षणात टीडीआर घेणारा जमीन महापालिकेच्या हवाली करतो. तिथला शेतकरी टीडीआर विकून संध्याकाळी त्याच गोठ्यात धार काढतो. माझं मत विचाराल तर दुसरा सौदा गोड.

सगळ्यात भन्नाट किस्सा न्यूयॉर्क शहराचा. शहर आपल्या हद्दीत जमीन वाचवतं हे ठीक, पण 200 किलोमीटरपर्यंत दूर? मुंबईहून नाशिक ओलांडून पुढे जाण्याइतकं हे अंतर. कॅट्सकिल डोंगरांतल्या शेतांवर शहराच्या पैशाने ईझमेंट घेतली जातात, कारण नळाचं बहुतेक पाणी तिकडून येतं, तेही फिल्टर न करता! फिल्टर प्लांट बांधायचा तर खर्च 600 ते 800 कोटी डॉलर, असा 1990 च्या दशकातला अंदाज होता. शहराने हिशेब केला. प्लांटपेक्षा पाणलोट सांभाळणं स्वस्त. 1997 मध्ये डोंगरातल्या गावांशी करार झाला आणि आज सुमारे 90 लाख लोक ते पाणी पितात. गायीचं शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून महानगर खिसा रिकामा करतंय, आहे की नाही मजा!

माहीत आहे का, नुसता ‘व्ह्यू’सुद्धा ईझमेंटने वाचतो? जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन वाड्यासमोर, पोटोमॅक नदीपलीकडे, सांडपाणी प्रकल्प येऊ घातला होता. राष्ट्रपित्याच्या ओसरीतून थेट गटारदर्शन! 1961 मध्ये संसदेने कायदा केला, तिथल्या खासगी मालकांनी आपल्या जमिनींवर निर्बंध स्वीकारले आणि देखावा बचावला.

पेन्सिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत 1 लाख एकरांहून जास्त शेती सुरक्षित आहे. पण तिथले आमिश या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी घोडागाडीवाले, सरकारी पैसा घ्यायला नाखूश. मग 1988 मध्ये खासगी ट्रस्ट निघाला. सही तीच, चेकवरचं नाव वेगळं.

साइज ऐकून दचकायचंय? मेन राज्यातल्या पिंग्री कुटुंबाच्या जंगलावर 2001 मध्ये एका संस्थेने 7,62,192 एकरांचं ईझमेंट घेतलं. गोव्याचे सहा भाग करा, त्यातले पाच भरतील. रेट? एकरी साधारण 37 डॉलर!

आणि एक धक्का. जनतेच्या पैशाने वाचलेल्या शेतात जनतेला पाऊल टाकता येतंच असं नाही. जमीन खासगीच राहते. करारात लिहिलं नसेल तर पिकनिक कुंपणाबाहेर.

‘कायमचं’ म्हणजे खरंच कायमचं? वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीला 1993 मध्ये 1,043 एकरांचं ईझमेंट दान मिळालं. पुढे मालक बदलला, जमिनीखालच्या मिथेनचा विषय निघाला आणि 2002 मध्ये काउंटीने ते ईझमेंट मालकाला परत करून टाकलं. एक नागरिक कोर्टात गेला. 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दाद मागायचा हक्क तुला नाही, पण राज्याचा अॅटर्नी जनरल पुढे येऊ शकतो. तो आलाही!

दान दिलं की इन्कम टॅक्समध्ये सूट, म्हणजे चतुर मंडळी आलीच. अलाबामातल्या किवा ड्यून्स गोल्फ कोर्सवरच्या ईझमेंटची किंमत टॅक्स कोर्टाने 2009 मध्ये 2.8 कोटी डॉलरहून जास्त धरली. हो, गोल्फ कोर्स! पुढे गुंतवणूकदारांच्या टोळ्या फुगवलेल्या मूल्यांकनावर सूट लाटू लागल्या. 2022 च्या कायद्याने ब्रेक लावला: अशा टोळीने गुंतवणुकीच्या अडीचपटीहून मोठा दावा केला, तर सूट शून्य.